सिक्स नेशन्स फँटसी रग्बी : ठरावीक खर्चात गुण मिळवणारा संघ कसा निवडावा

इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, इटली, स्कॉटलंड आणि वेल्स या सहा देशांची सिक्स नेशन्स स्पर्धा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच फेऱ्यांत खेळली जाते, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या अधिकृत फँटसी खेळात जगभरातले प्रेक्षक आपापला संघ निवडतात आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष सामन्यातल्या कामगिरीवर गुण मिळवतात. फँटसी क्रिकेट खेळलेल्या वाचकाला याची मूळ रीत चटकन कळेल. हा खेळ विनाशुल्क आहे, त्यामुळे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात 2025 साली आलेल्या बंदीशी त्याचा संबंध येत नाही. क्रिकेटची एक सवय मात्र येथे महागात पडते, ती म्हणजे नावाजलेले खेळाडू आधी घ्यायचे आणि उरलेल्या पैशात बाकीचा संघ भरायचा. रग्बीत कमी किमतीचा पण पूर्ण ऐंशी मिनिटे राबणारा खेळाडू अनेकदा महागड्या विंगरच्या (कडेने धावून ट्राय करणाऱ्या खेळाडूच्या) बरोबरीने गुण देतो, म्हणून संघाची बांधणी अशा खेळाडूंपासून सुरू करावी.

सर्वप्रथम नियमांचे पान नीट वाचावे, कारण हंगामागणिक त्यात थोडेफार बदल होतात. अलीकडच्या हंगामांतली सर्वसाधारण चौकट अशी आहे : खर्चाची मर्यादा 230 स्टार (या खेळातले काल्पनिक चलन), एका देशाचे जास्तीत जास्त चार खेळाडू, पंधरा जणांचा मुख्य संघ, दुप्पट गुण मिळवणारा एक कर्णधार आणि एक ‘सुपर-सब’, म्हणजे सोळावा, बदली खेळाडू. पंधरा जणांत 230 स्टार वाटले तर प्रत्येकी सुमारे 15 येतात, आणि सुपर-सबचा खर्च धरला की ही सरासरी 14 च्या आसपास उतरते. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, की वीस स्टारच्या आसपासच्या एका खेळाडूपायी इतर जागांवर किती ओढाताण होणार आहे, हे लगेच लक्षात येते.

दुसरे काम गुणपद्धती समजून घेण्याचे आहे. यशस्वी टॅकलला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याला) 1 गुण, चेंडू घेऊन कापलेल्या दर दहा मीटरला 1, प्रतिस्पर्ध्याला चकवण्याला 2, ब्रेकडाउनमध्ये (टॅकलनंतर चेंडूसाठी होणाऱ्या झटापटीत) चेंडू हिसकावण्याला 5, पेनल्टी ओढवून घेतल्यास उणे 1, आणि ट्रायला (प्रतिस्पर्ध्याच्या ट्रायरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) पाठीमागच्या खेळाडूंसाठी 10, तर फॉरवर्डसाठी (पुढे झुंजणाऱ्या आठ जणांसाठी) 15. आता 13 स्टारच्या एका फ्लँकरचा (भरपूर टॅकल करणाऱ्या फॉरवर्डचा) हिशेब कागदावर मांडून पाहावा. त्याने अठरा टॅकल केले, तीस मीटर कापले, एकदा चेंडू हिसकावला आणि दोन पेनल्टी दिल्या, तर त्याचे 24 गुण होतात. शेजारी 18 स्टारचा विंगर ठेवावा. एक ट्राय, साठ मीटर, तीन जणांना चकवणे आणि चार टॅकल मिळून त्याचे 26 गुण होतात, पण ट्राय झाला नाही तर तो 16 वर अडकतो. फ्लँकर दर स्टारमागे सुमारे 1.85 गुण देतो, तर विंगर चांगल्या दिवशी 1.44 आणि वाईट दिवशी 0.89. ट्राय होणे विंगरच्या एकट्याच्या हातात नसते, टॅकल मात्र फ्लँकरला प्रत्येक सामन्यात करावेच लागतात. ज्या संघाला बराच वेळ बचाव करावा लागणार असे दिसते, त्याचे फ्लँकर तर आवर्जून घ्यावेत. संघ हरला तरी त्यांचे गुण वाढतच राहतात.

हूकरच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या मधल्या फॉरवर्डच्या, जागेवर हात आखडता घेऊ नये. ट्रायरेषेपासून पाच मीटरवर लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत फेकण्याची संधी) मिळाला की आजकालचे संघ मॉल (चेंडूवाल्याभोवती उभ्याने बांधलेला घोळका) रचून पुढे ढकलत नेतात, आणि त्या मॉलच्या शेपटाला चेंडू धरून असतो तो बहुधा हूकर. ट्राय त्याच्या नावावर लागतो आणि तोही 15 गुणांचा. 2025 च्या शेवटच्या फेरीत आयर्लंडच्या डॅन शीहानने रोममध्ये इटलीविरुद्ध तीन ट्राय केले, म्हणजे केवळ ट्रायचेच 45 गुण. तो सामना आयर्लंडने 22-17 असा जेमतेम जिंकला होता, त्यामुळे आयरिश विंगर भरून बसलेल्यांच्या पदरी त्या दिवशी फारसे काही पडले नसावे.

सुपर-सबची निवड करताना अनेक जण उरलेल्या दोन-चार स्टारचा विचार करतात, आणि माझ्या मते येथेच सर्वाधिक गुण वाया जातात. नियम असा, की हा खेळाडू बदली म्हणून मैदानात उतरला तर त्याचे गुण तिप्पट होतात, पण तो सुरुवातीपासून खेळला तर ते निम्मे होतात. पुन्हा शीहानकडेच पाहावे. 1 फेब्रुवारी 2025 रोजी डब्लिनमध्ये इंग्लंडविरुद्ध तो राखीव होता, दुसऱ्या सत्रात उतरला आणि त्याने ट्राय केला. सुपर-सब म्हणून त्या एका ट्रायचे 45 गुण होतात, म्हणजे रोममधल्या तीन ट्रायांइतकेच. पुढची फळी दमते आणि तिच्या जागी प्रशिक्षित खेळाडूच उतरवावे लागतात, त्यामुळे राखीव हूकर व त्याच्या दोन्ही बाजूंचे प्रॉप यांना साधारणपणे पन्नासाव्या-पंचावन्नाव्या मिनिटापासून खेळायला मिळते. राखीव फ्लाय-हाफला (चाली रचणाऱ्या पाठीमागच्या खेळाडूला) मात्र शेवटची दहा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. राखीव आठ जणांत फॉरवर्ड आणि पाठीमागचे खेळाडू सहसा पाच-तीन असे असतात. प्रशिक्षकाने ते सहा-दोन किंवा सात-एक केले, तर फॉरवर्ड लवकर बदलले जाणार असे समजावे.

कर्णधारपदासाठी नाव पाहू नये, त्या फेरीतला प्रतिस्पर्धी पाहावा. फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रान्सने रोममध्ये इटलीला 73-24 असे हरवले, आणि मार्चमध्ये इंग्लंडने कार्डिफमध्ये वेल्सला 68-14 असे नमवले. अशा सामन्यांत जिंकणाऱ्या बाजूचा विंगर कर्णधार करण्यात शहाणपण आहे, कारण तेथे ट्रायांचा पाऊस पडतो. त्या हंगामात फ्रान्सच्या लुई बिएल-बियारेने आठ ट्राय केले होते. फ्लँकरबद्दल वर सांगितले ते खरेच, पण एकतर्फी सामन्यात हिशेब उलटतो. चुरशीच्या सामन्यातला कर्णधार मात्र नेहमी धोक्याचा. 8 मार्च 2025 रोजी डब्लिनमध्ये फ्रान्सचा कर्णधार अंत्वान दुपाँ पहिल्या सत्रातच गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला, आणि सात-एक अशा राखीव फळीत पाठीमागचा एकमेव खेळाडू असलेल्या मॅक्सिम लूकूला अनपेक्षितपणे लवकर उतरावे लागले. असे योग कोणालाच आधी दिसत नाहीत.

किक मारणारा खेळाडू संघात असावा, एवढे पुरे. रूपांतरणाचे (ट्रायनंतरच्या किकचे) 2 आणि पेनल्टीचे 3 गुण नियमित येत राहतात. फक्त तो कोणत्या जागेवर नोंदलेला आहे, ते पाहावे. फ्रान्ससाठी तोमा रामोस फुलबॅकच्या, म्हणजे सर्वांत मागच्या, जागेवरून किक मारतो, त्यामुळे त्याला घेतले की फ्लाय-हाफची जागा दुसऱ्या देशाच्या किक मारणाऱ्यासाठी मोकळी राहते.

आता वेळापत्रक. शनिवारच्या सामन्यांचे संघ बहुतेक वेळा गुरुवारी जाहीर होतात, तोपर्यंत निवड कच्चीच ठेवावी. जाहीर पंधरात नसलेला खेळाडू मुख्य संघात ठेवणे आणि पहिल्या पंधरात असलेला खेळाडू सुपर-सब ठेवणे, या दोन चुका केवळ गुरुवारी यादी न पाहिल्याने होतात. भारतातून खेळणाऱ्यांनी घड्याळाकडेही लक्ष द्यावे : ब्रिटनच्या वेळेनुसार दुपारी सव्वादोनचा सामना आपल्याकडे रात्री पावणेआठला, पावणेपाचचा सव्वादहाला, आणि शुक्रवारी रात्री सव्वाआठचा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे पावणेदोनला सुरू होतो. फेरीची सुरुवात शुक्रवारच्या सामन्याने होणार असेल, तर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच एका देशाचे चारपेक्षा जास्त खेळाडू झालेले नाहीत ना, कर्णधाराची खूण योग्य नावापुढे आहे ना आणि सुपर-सब खरोखरच राखीव यादीत आहे ना, हे तपासून संघ जतन करावा.