व्हाइट वॉकर्सवरून वाद घालायचाय? मग असा घाला

उन्हाळ्यात नागपुरात गप्पांना रंग चढतो तो रात्रीच, फुटाळ्यावर नाहीतर लॉ कॉलेज चौकातल्या चहावर, आणि आमच्यात गेम ऑफ थ्रोन्स (पुस्तकांवरून बनलेली टीव्ही सिरीज) निघालं की गाडी एकाच जागी फसते, हे व्हाइट वॉकर्स, म्हणजे त्यातले बर्फातून येणारे, मेलेल्यांना उठवणारे जीव, आले कुठून अन् त्यांना पाहिजे तरी काय. लय भारी विषय आहे हा, म्हणून नीट कसा बोलायचा ते लिहून राहिलो. (कोणी पूर्ण पाहिलं नसेल तर आधी विचारून घ्या बाप्पा, पुढे सगळे स्पॉयलर आहेत.)

पहिले ठरवा, पुस्तक का सिरीज. हे न ठरवता सुरू केलं की दोघंही बरोबर असतात अन् तरी भांडत बसतात. सिरीजमध्ये सहाव्या सीझनच्या पाचव्या एपिसोडात, २०१६ मध्ये, सरळ दाखवलंय की चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्टनी (माणसांच्या आधीपासूनची जंगलातली जमात) एका माणसाला झाडाला बांधून त्याच्या छातीत ड्रॅगनग्लास, म्हणजे काळी काच, खुपसून त्याला पहिला व्हाइट वॉकर, म्हणजे त्यांचा सरदार नाइट किंग, बनवलं, कारण माणसं त्यांची कत्तल करत होती, पवित्र झाडं तोडत होती. पुस्तकांत, म्हणजे २०११ च्या पाचव्या भागापर्यंत, असं कुठेच येत नाही. तिथे नाइट किंगसुद्धा नाही भाऊ, नाइट्स किंग म्हणून एक जुनी दंतकथा आहे, नाइट्स वॉचच्या (उत्तरेची भिंत राखणारी फौज) तेराव्या लॉर्ड कमांडरची, तो वेगळा.

आणि वाइट्सना यात आणू नका, ती उठवलेली मढी, त्यांना स्वतःचं डोकं नाही.

आता मुद्द्याचं. समोरचा काही बोलला की एकच विचारा, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे का कोणी सांगितलेलं? ओल्ड नॅन ही म्हातारी दाई छोट्या ब्रॅन स्टार्कला सांगते की व्हाइट वॉकर्सना लोखंड, आग, ऊन अन् गरम रक्ताचा प्रत्येक जीव नकोसा होता, पण ती हजारो वर्षांपूर्वीची ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर पूर्ण थिअरी उभी करता येत नाही. याच्या उलट पहिल्या पुस्तकाची सुरुवात घ्या (१९९६ चं आहे), तिथे नाइट्स वॉचचा विल झाडावर बसून स्वतः पाहतो: एक अदर (पुस्तकात व्हाइट वॉकर्सचं हेच नाव) विलचा सरदार वेमार रॉइसशी एकटा लढतो, बाकीचे गपचूप उभे राहून पाहतात, मध्ये पडत नाहीत, अन् रॉइस पडल्यावरच सगळे मिळून तुटून पडतात. त्यांना भाषा आहे, ते हसतात, टोमणा मारल्यासारखं बोलतात. मला विचाराल तर अख्ख्या वादातला सगळ्यात मोठा पुरावा हाच, कारण जे नुसतं मारायलाच आलेत ते एकेकट्याने कशाला लढतील, काही रीत असल्याशिवाय? हा माझा अंदाज आहे अन् तुम्हीही तुमचा अंदाज सांगताना तसं स्पष्ट म्हणा, मग समोरचा चिडत नाही.

जन्म अन् हेतू एकत्र कालवू नका. हत्यार म्हणून बनवले एवढ्यावरून आज त्यांना काय पाहिजे ते कळत नाही, सिरीजमध्ये तर ते बनवणाऱ्यांवरच उलटले. आठव्या सीझनमध्ये ब्रॅन म्हणतो की नाइट किंगला हे जग पुसून टाकायचंय अन् आपण, म्हणजे ब्रॅन, त्या जगाची आठवण आहोत. हे मला पटलं नाही, कारण मग क्रॅस्टरची पोरं (हा भिंतीपलीकडचा माणूस आपली तान्ही पोरं त्यांना देतो) कशाला पाहिजेत? २०१४ च्या एपिसोडात अशा एका बाळाचे डोळे निळे होतात, म्हणजे ते आपली संख्या वाढवून राहिले, पुढची पिढी बनवून राहिले. नुसता विध्वंस पाहिजे असणाऱ्याला पोरं कशाला लागतात, याचं उत्तर ब्रॅनवाल्यांकडून आधी घ्या, मगच पुढे जा.

पुस्तकवाल्यांना अडकवायचं असेल तर विचारा की इतकी हजार वर्षं गप्प राहून ते आत्ताच काऊन उठले. सहावा भाग अजून आलेला नाही, त्यामुळे या प्रश्नावर कोणीच पान उघडून दाखवू शकत नाही, अन् म्हणूनच हा प्रश्न दुसऱ्या चहासाठी राखून ठेवा.