ब्लॉग देखणा, पण वाचवत नाही? डिझाइन उचलताना या चुका टाळा

डिझाइनच्या कल्पना शोधायला बसलं की समोर येतात ते बहुतेक इंग्रजी मजकुराचे स्क्रीनशॉट. तीन शब्दांचं शीर्षक, खाली पानभर पसरलेला फोटो, भोवती ऐसपैस मोकळी जागा. हेच टेम्प्लेट मराठी ब्लॉगला लावलं आणि त्यात ‘कुंडीतल्या झाडांची मुळं कुजण्याची कारणं आणि त्यावरचे उपाय’ असं शीर्षक भरलं की फोनवर त्याच्या चार ओळी होतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात आणि फोटो स्क्रीनच्या खाली ढकलला जातो. टेम्प्लेट वाईट नसतं, ते दुसऱ्याच्या मापाने शिवलेलं असतं.

त्यामुळे डेमो बघून थीम (ब्लॉगचा तयार साचा) निवडणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याऐवजी आपले तीन खरे लेख थीममध्ये भरून बघा: सर्वांत लांब शीर्षकाचा एक, फोटो नसलेला एक आणि तक्ता किंवा लांबलचक यादी असलेला एक. मग ब्राउझरच्या इन्स्पेक्ट खिडकीतल्या फोन-दृश्यात रुंदी ३६० पिक्सेल करा, कारण अनेक फोनची रुंदी तेवढीच धरली जाते. तक्ता उजवीकडे बाहेर पळतोय का, फोटो नसलेल्या लेखाच्या जागी करडा चौकोन दिसतोय का, हे पाच मिनिटांत कळतं. आवडलेल्या डिझाइनमधून उचलायचीच असतील तर मापं उचला: मजकुराच्या स्तंभाची रुंदी, शीर्षक आणि परिच्छेद यांच्या आकाराचं प्रमाण, दोन परिच्छेदांमधली जागा. रंग आणि सजावट नंतर.

देवनागरी कुठे मोडते

इंग्रजी थीममध्ये शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किती पट) साधारण १.१ ते १.२ असते. रोमन लिपीला तेवढी पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय, असा दोन्हीकडे पसारा असतो. त्यामुळे १.१ वर ओळी एकमेकींवर चढतात. त्याहून वाईट प्रकार मुखपृष्ठावरच्या कार्डांत, म्हणजे लेखांच्या छोट्या चौकटींत होतो. तिथे शीर्षक दोन ओळींत बसवण्यासाठी चौकटीबाहेरचा भाग कापून टाकलेला असतो, म्हणजे ओव्हरफ्लो ‘हिडन’ असतो. मग ‘वर्ष’चा रफार उडून ‘वष’ दिसतं, ‘मूर्ती’चा दीर्घ ऊकार अर्धा तुटतो, आणि वाचकाला वाटतं की लिहिणाऱ्यालाच शुद्धलेखन येत नाही. उपाय सोपा आहे. शीर्षकांना १.३५ ते १.४, मजकुराला १.७ ते १.८ लाइन-हाइट द्या आणि कार्डातल्या शीर्षकाला वर-खाली ०.१५ एम (एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा द्या. लाइन-हाइट पिक्सेलमध्ये लिहू नका, नुसता आकडा लिहा. ‘२४ पिक्सेल’ असं लिहिलं तर अक्षर मोठं केल्यावरही ओळ तेवढीच राहते आणि पुन्हा तोच घोळ होतो.

विभागांची नावं आणि छोटी लेबलं यांना इंग्रजी थीममध्ये अक्षरांत अंतर दिलेलं असतं. कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत मात्र लेटर-स्पेसिंग शून्यापेक्षा जरा जास्त झालं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे मणी सांडल्यासारखा दिसतो. मेनू, बटणं, लेबलं, तळटीप, सगळीकडे ते शून्य करा. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची मासिकी पद्धतही अशीच घात करते. ‘स्त्री’ने सुरू होणारा परिच्छेद असेल तर काही ब्राउझर नुसता पाय मोडका ‘स्’ मोठा करतात आणि ‘त्री’ खाली उरते. हे काढूनच टाका.

दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून मजकूर ‘जस्टिफाय’ करणं हा छापील पानाचा मोह आहे. मराठीत शब्द लांब, त्यात शब्द तोडून पुढच्या ओळीवर नेण्याची सोय वेगळी चालू केल्याशिवाय ब्राउझर वापरत नाही. अरुंद फोनवर एका ओळीत तीनच शब्द बसले की त्यांच्यामध्ये खिंडारं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी, हेच ठेवा.

आता फॉन्ट. ‘माझ्याकडे छान दिसतं, तुमच्याकडे वेगळं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर फॉन्टच्या यादीत असतं. थीमने फक्त रोमन फॉन्ट दिलेला असतो, त्यात देवनागरी नसते, म्हणून ब्राउझर त्या यंत्रावर जो सापडेल तो घेतो: विंडोजवर निर्मला यूआय, अ‍ॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी. तिघांची उंची-जाडी वेगळी, त्यामुळे तुमची मोजून बसवलेली मांडणी दुसरीकडे हलते. फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट लिहा आणि तो ब्लॉगबरोबर लोड करा. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आहेत आणि स्क्रीनवर चांगले वाचता येतात.

इथे एक खोच आहे. प्रत्येक फॉन्टला ठळक रूप असतंच असं नाही. टिरो देवनागरी मराठी हा पुस्तकी वळणाचा सुरेख फॉन्ट, पण त्यात साधं आणि तिरपं अशी दोनच रूपं आहेत. थीमने शीर्षक बोल्ड ठरवलं असेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटं बोल्ड बनवतो, ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा बुजते आणि अक्षरं डागाळल्यासारखी दिसतात. असा फॉन्ट वापरायचा असेल तर शीर्षकाची जाडी ४०० (म्हणजे साधी) ठेवा आणि ठसठशीतपणा आकारातून आणा. नाहीतर मुक्ता घ्या, त्यात २०० ते ८०० अशा सात जाड्या आहेत. सातही लोड मात्र करू नका. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते. ४०० आणि ७०० या दोन पुरतात. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या सेटिंगला ‘स्वॅप’ दिलं की फॉन्ट येईपर्यंत पान कोरं राहत नाही.

फॉन्ट पक्का करण्याआधी हे शब्द टाइप करून बघा: दुसऱ्या, ॲप, वाङ्मय, कर्तृत्व, राष्ट्रीय, लठ्ठ. ‘दुसऱ्या’तला अर्धा र नीट वळतो का, ‘ॲप’च्या जागी चौकोन येतो का? ‘ॲ’ला युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत) स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये तो नसतो. मग ते एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून येतं आणि ओळीत उपरं दिसतं.

जुन्या डीटीपी फाइलमधून मजकूर चिकटवला आणि पानावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसला, तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला आहे. तो फॉन्ट ब्लॉगवर चढवून दुरुस्ती झाल्यासारखी वाटेल, पण तो मजकूर कुठल्याही शोधात सापडणार नाही आणि स्क्रीन रीडर (अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम) तो चिवडाच वाचून दाखवेल. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग रफार, ‘ऱ्य’ आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर बहुतेक तिथेच अडखळतात.

आणि पानाची भाषा ‘मराठी’ ठरवा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग साइट लँग्वेज. ती इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो आणि ब्राउझर भलत्याच वेळी भाषांतराची पट्टी पुढे करतो. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांचं मराठी वळण वेगळं ठेवलेलं असतं. तेही भाषा मराठी असेल तरच दिसतं.

फिका राखाडी रंग आणि फोटोवरची अक्षरं

पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर स्क्रीनशॉटमध्ये नाजूक दिसतो आणि उन्हात फोन धरला की नाहीसा होतो. वेबच्या सुलभतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) मागतात, २४ पिक्सेल आणि त्याहून मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर #999999 हा लाडका राखाडी फक्त २.८५ भरतो. #767676 जेमतेम पास होतो, ४.५४. देवनागरीच्या बारीक वळणांसाठी सरळ #333333 घ्या, तो १२.६ देतो. जाडी ३०० असलेला मजकूर फोनवर वापरू नका, कॉन्ट्रास्ट कितीही असो.

फोटोवर पांढरं शीर्षक द्यायचं असेल तर मध्ये काळा थर लागतो, आणि तो किती हे अंदाजाने ठरवू नये. फोटोचा भाग पांढराशुभ्र असेल तर ५० टक्के थरावर कॉन्ट्रास्ट ३.९च्या आसपास राहतो, ६० टक्क्यांवर ५.७ होतो. डेमोतला फोटो मुद्दाम गडद निवडलेला असतो, म्हणून तिथे २० टक्क्यांतही भागतं. रोज वेगळा फोटो टाकणार असाल तर ६० धरा, किंवा शीर्षक फोटोखाली घ्या. दुसरा पर्याय जास्त बरा.

लिंक फक्त रंगाने वेगळी दाखवली तर रंग ओळखायला अडचण असलेल्यांना ती दिसतच नाही. अधोरेखन ठेवा; ते उकारांना घासत असेल तर ०.२५ एम खाली सरकवा.

ओळीची लांबी

पूर्ण रुंदीच्या थीममध्ये मोठ्या मॉनिटरवर ओळ १२०० पिक्सेलपर्यंत जाते. डोळा उजव्या टोकाला पोचून परत आला की पुढची ओळ कुठली ते चुकतं. मजकुराचा स्तंभ ६४० ते ६८० पिक्सेलांवर थांबवा, अक्षर १८ पिक्सेल ठेवा. एका ओळीत दहा ते तेरा मराठी शब्द आले की माप बरोबर बसलं. रोमनसाठी चालणारे १६ पिक्सेल देवनागरीत बारीक वाटतात, कारण अक्षराच्या एकूण उंचीतला बराच वाटा मात्रा आणि उकार खातात.

पान हळू का उघडतं, आणि उड्या का मारतं

फोनमधून काढलेला ४००० पिक्सेल रुंदीचा, चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवायचा आणि ६८० पिक्सेलांच्या स्तंभात दाखवायचा, हे सर्रास चालतं. तीक्ष्ण पडद्यांसाठी दुप्पट धरली तरी १४०० पिक्सेल रुंदी पुरे. वेबपी किंवा जेपेग, क्वालिटी ७५ ते ८०. बहुतेक फोटो २०० केबीच्या आत येतात.

दुसरी चूक चांगल्या हेतूने होते. वेग वाढवणारं प्लगइन सगळ्याच फोटोंना ‘लेझी’ लोडिंग (वाचक जवळ पोचेपर्यंत फोटो न मागवणं) लावतं, अगदी पानाच्या माथ्यावरच्यालाही. वाचकाला सर्वांत आधी दिसायला हवा तोच फोटो मग सर्वांत उशिरा मागवला जातो. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सनुसार (पानाचा अनुभव मोजायचे निकष) मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसायला हवा. ते जमत नसेल तर आधी हे तपासा. पहिला फोटो लेझी यादीतून वगळा, बाकीचे राहू द्या.

वाचता वाचता मजकूर अचानक खाली सरकतो, त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात: फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची दिलेली नाही, किंवा जाहिरातीची जागा आधी राखून ठेवलेली नाही. फोटोला रुंदी-उंची आणि जाहिरातीच्या जागेला किमान उंची द्या. गूगल या सरकण्याला जो आकडा देतं, तो ०.१ च्या आत हवा. मुखपृष्ठावर चार फोटोंचा स्लायडर असेल तर तो काढा. वाचक पहिल्या फोटोपुढे क्वचितच जातात, फोटो मात्र चारही लोड होतात.

हाताला न सापडणाऱ्या गोष्टी

संगणकावर उजवीकडे दिसणारी बाजूपट्टी फोनवर लेखाच्या खाली, प्रतिक्रियांच्याही खाली जाते. शोध आणि विभाग तिथे ठेवले असतील तर फोनवरच्या वाचकासाठी ते नाहीतच. शोध माथ्यावर आणा. मेनूत पाच-सहा नोंदी पुरेत, आणि त्यांची नावं साधी ठेवा. ‘क्षितिज’ नावाच्या विभागात प्रवासवर्णनं आहेत हे कुणी ओळखणार नाही.

बोटाने दाबायची जागा किमान २४ पिक्सेल असावी असं २०२३ मध्ये आलेले सुलभतेचे निकष सांगतात, पण प्रत्यक्षात ४४ ते ४८ ठेवली तरच बोट चुकत नाही. ईमेलच्या रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलांपेक्षा लहान असेल तर आयफोन त्यावर टिचकी मारताच पान मोठं करतो आणि मांडणी विस्कटते. त्यावर उपाय म्हणून झूम बंद करू नका, अक्षर १६ करा. पान उघडताक्षणी येणारा पॉपअप लेख संपल्यानंतर दाखवा.

दुव्यांचं शेपूट

हे डिझाइनमध्ये मोडत नाही असं वाटेल, पण लेख पुढे पाठवला जातो तेव्हा वाचकाला दुवाच, म्हणजे लेखाचा वेब-पत्ता आधी दिसतो. मराठी शीर्षकाचा दुवा टक्क्यांच्या चिन्हांत बदलतो आणि प्रत्येक युनिकोड चिन्ह नऊ जागा खातं. काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात, म्हणजे एकट्या ‘राष्ट्रीय’ शब्दाला ८१ जागा. वर्डप्रेस दुव्याच्या या भागाला २०० जागांवर कापतं, म्हणून बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक मध्येच तुटतं आणि सारख्या सुरुवातीच्या दोन लेखांचे दुवे एकच होऊन दुसऱ्याला शेपटीला ‘२’ लागतो. ब्लॉगर तर मराठी शीर्षक सोडूनच देतं आणि ‘ब्लॉग-पोस्ट’ असं काहीतरी बनवतं. लेख प्रकाशित करण्याआधीच रोमनमध्ये तीन-चार शब्दांचा दुवा हाताने लिहा.

बदल कुठे करायचे

हे सगळे आकडे थीमच्या मूळ फाइलमध्ये टाकू नका. थीमचा पुढचा अपडेट ते पुसून टाकतो. वर्डप्रेसमध्ये ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’ (दिसण्याचे आपले नियम लिहायची जागा) किंवा चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली आपली वेगळी थीम) वापरा. ब्लॉगरमध्ये आधी थीमचा बॅकअप उतरवून घ्या, मगच हात लावा. एका वेळी एकच बदल करा आणि तो खासगी खिडकीत तपासा, कारण नेहमीच्या खिडकीत कॅशमधलं, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं पान दिसत राहतं आणि बरोबर केलेला बदलही चुकलाय असं वाटतं. तिथेही दिसत नसेल तर कॅशिंग प्लगइन रिकामं करा. तरीही काही हललं नाही, तर थीमचाच एखादा नियम तुमच्या नियमावर मात करतोय. ब्राउझरच्या इन्स्पेक्ट खिडकीत तो घटक निवडला की काट मारलेला नियम तुमचा आहे का, हे तिथेच दिसतं.