हाफ इंजिन घरी खोलताय? या चुका टाळा

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात बाइकचं इंजिन जॅम झालं, गार झाल्यावर किक हलली आणि निळा धूर सुरू झाला, की लगेच हाफ इंजिन, म्हणजे हेड (सिलेंडरवरचं झाकण), सिलेंडर आणि पिस्टन, खोलायचा मोह होतो. थांबा. धूर फक्त सकाळी स्टार्ट करतानाच येत असेल, तर व्हॉल्व्ह सील बघा. चढावर सतत येत असेल, तर रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) संशय. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत ओतून किक मारा. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) वाढलं तर रिंगा-बोअर (सिलेंडरची आतली भिंत) गेलेत, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

गोदेच्या पुरात गाडी बुडाली असेल, तर किकला हातही लावू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, ऑइल खाली काढून टाका. दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत गेलंय.

माझी फजिती सर्क्लिपने, म्हणजे पिस्टन पिन जागेवर धरणाऱ्या छोट्या स्प्रिंग-कडीने केली. सिडकोत पार्किंगमध्ये बसून पिस्टन पिन काढत होतो. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या डब्याच्या) तोंडात फडकं कोंबायचं राहिलं. सर्क्लिप उडाली ती थेट आत. चुंबक फिरवून संध्याकाळ गेली, शेवटी क्रँककेसही खोलावीच लागली आणि हाफ इंजिनचं फुल इंजिन झालं. जुनी सर्क्लिप परत वापरणं ही त्याच जातीची चूक.

चरे पडलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. चऱ्यावर नख अडकलं की बोअर करून घ्या. मात्र आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन विकत घ्या आणि तो सिलेंडरसोबत लेथवाल्याकडे द्या. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या आपल्या नाशकात लेथवाल्यांना तोटा नाही. स्प्लेंडरचा मूळ बोअर 50 मिमी, पहिला ओव्हरसाइज त्याहून 0.25 मिमी मोठा. पिस्टन आणि बोअरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. अंदाजपंचे केलं तर गाडी पुन्हा घाटात उभी.

रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, 120 अंशांवर ठेवा. पिस्टनवर ‘इन’ असेल तर ती बाजू कार्ब्युरेटरकडे. हेडचे नट आलटून-पालटून समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. गॅस्केट नवीनच.

टायमिंगच्या (व्हॉल्व्ह आणि क्रँकचा मेळ बसवणाऱ्या) खुणा जुळवल्यावर किक मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर न लावता परत उघडा.

कारचं उरलेलं ऑइल ओतू नका, क्लच घसरेल. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीची खूण) हवं. पहिलं ऑइल साधारण 500 किमीला काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. बारीक चमचम चालते, पातळ पापुद्रे दिसले तर हेड पुन्हा खोला.