आगोटीआधी गाडीची शाकारणी: मोटरहोमच्या सामानाच्या कप्प्यांत पाणी शिरू नये म्हणून

कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की कामं रांगेनं निघतात. कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पडवीला झापं बांधायची, मीठ-मसाले उन्हं दाखवून डब्यांत भरायचे. आमच्या घरी त्या यादीत आणखी एक काम आलंय: अंगणात उभ्या असलेल्या मोटरहोमचे कप्पे तपासणं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली ही आत राहता येईल अशी गाडी. तिच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मागेपुढे, बाहेरून उघडणारे कप्पे आहेत. अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, शेगडी, पाण्याचा पाइप, हत्यारं, सगळं त्यांतच.

पहिल्या पावसाळ्यात आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला पोहोचलो आणि डावीकडचा मागचा कप्पा उघडला, तर आईच्या हातच्या दोन गोधड्या पिळून काढाव्यात इतक्या भिजलेल्या. दाराचं रबर बदलून घेतलं. पुढच्या खेपेला पुन्हा पाणी. मग गॅरेजवाल्यानं दाराभोवती सिलिकॉन थापून दिलं. तरी पाणी. शेवटी सापडलं तेव्हा कळलं की दाराचा काही दोषच नव्हता. कप्प्याच्या चार फूट वर सावलीच्या कापडी छपराची पट्टी स्क्रूनं बसवली होती. त्यातल्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी भिंतीच्या आत जात होतं आणि आतल्या आत ओघळून कप्प्यात उतरत होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: सीलंटची नळी हातात घेण्याआधी पाण्याची वाट शोधा. कौलारू घरात राहिलेल्यांना हे नवं नाही. थेंब माजघरात पडतो आणि फुटलेलं कौल असतं आढ्याजवळ.

किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत तर ७,००० मिलिमीटरच्या घरात. शिवाय तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर झड आडवी मारते. धावत्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं पाणी खालून आणि मागून आदळतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळवटते, दाराची चौकट क्षणभर तिरपी होते आणि रबर सुटतं. त्यामुळे शहरातल्या पार्किंगमध्ये कोरडी राहणारी गाडी इथे गळते. हे काम मे महिन्यातच करा, रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास, म्हणजे २५ मेपर्यंत संपवा. मृगाची सर आल्यावर पृष्ठभाग कोरडा मिळणं कठीण.

आधी डाग वाचा

कप्पा पूर्ण रिकामा करा. आतलं कार्पेट, रबरी मॅट, सगळं बाहेर. बॅटरी (टॉर्च) घ्या आणि कोपरे, सांधे, छत बघा. इथे आपल्याला जांभ्याची लाल माती फार उपयोगी पडते. ओघळ लाल असेल तर पाणी खालून, रस्त्यावरून आलंय. ओघळ स्वच्छ असेल किंवा भिंतीवर वरून खाली फिकट पिवळी रेघ असेल, तर पाणी वरून आलंय. पाण्याला साबणाचा किंवा आंबूस वास येत असेल, तर वरच्या बेसिनचा सांडपाण्याचा पाइप बघा. आणि ओघळ कुठेच नाही, फक्त पत्र्यावर सगळीकडे सारखे बारीक थेंब आहेत, तर ती गळती नाही. आत एसी चालू असताना थंड झालेल्या पत्र्यावर कोकणातली दमट हवा पाणी सोडते. तिथे सीलंट लावून काही होत नाही, पत्र्याला आतून फोमचा थर चिकटवावा लागतो.

पाण्याचा पंप असेल तर आणखी एक खूण आहे. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच क्षणभर चालू होत असेल, तर पंपाच्या पुढच्या, दाबाच्या पाइपांत कुठेतरी पाणी जातंय. पाइपचे जोड कोरड्या टिश्यू पेपरनं पुसत जा. जिथे कागद ओला होईल, तो जोड.

पाइप घेऊन परीक्षा

या कामाला दोन माणसं हवीत. एक बाहेर बागेचा पाइप घेऊन, एक आत बॅटरी घेऊन. कप्प्यात वर्तमानपत्राचे कागद अंथरा, भिंतींनाही चिकटपट्टीनं लावा. कागदावर पहिला थेंब कुठे पडला ते स्पष्ट दिसतं.

पाणी खालून वर मारत जायचं, हा या परीक्षेचा मुख्य नियम. आधी दाराची खालची कड, मग बाजू, मग बिजागरी, मग वरची पट्टी, खिडकी, आणि शेवटी छपराची कड. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळ्या सांध्यांवरून खाली येतो आणि नेमका कोणता सांधा गळला ते कळत नाही. पाणी साध्या धारेनं सोडा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि नसलेला दोष दिसतो.

आमची खरी गळती सापडली ती अशीच. दाराशी पाऊण तास गेला, कागद कोरडा. पाइप सावलीच्या पट्टीवर नेला आणि सहा मिनिटांत आतून हाक आली.

दाराचं रबर

दाराच्याच कडेनं पाणी येत असेल, तर चौकटीच्या कडेला खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर लावा, दार नीट बंद करून उघडा. रबरावर पांढरी रेघ सलग उमटायला हवी. जिथे तुटली तिथे रबर टेकत नाही. दुसरी पद्धत कागदाच्या पट्टीची: पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे दाब नाही.

रबर लगेच बदलू नका, आधी कुलूप बघा. बऱ्याचदा रबर ठीक असतं आणि कुलपाची जीभ दार पुरेसं आवळत नाही. जिभेखाली एखादा वॉशर घातला की काम होतं. दार रुंद असून मध्ये एकच कुलूप असेल, तर दोन्ही कोपरे उचललेले राहतात. अशा दाराला दोन टोकांना दोन कुलपं बसवून घ्या.

रबर दाबून सोडल्यावर उसळत नसेल, चपटं राहिलं असेल किंवा भेगाळलं असेल, तर बदला. ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी मागा. ऊन-पावसाला ती साध्या स्पंजपेक्षा पुष्कळ टिकते. जाडी मापायला कणकेचे छोटे गोळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीवर पाच-सहा ठिकाणी ठेवा, दार लावा, उघडा आणि चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी मोजा. तेवढी तिथली फट. रबर फटीपेक्षा जाड हवं, म्हणजे दार लागल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबेल. फट ८ मिलिमीटर असेल तर १२ मिलिमीटरचं रबर. त्याहून जाड घेतलं तर दार लावताना जोर करावा लागतो आणि पत्रा वाकतो.

जुना डिंक पूर्ण खरवडा, स्पिरिटनं पुसा, वाळू द्या. कोपऱ्यात पट्टी काटकोनात मुरडू नका, तिथे पोकळी चिमटते आणि पाण्याला दार उघडतं. गोलाईनं वळवा. जोड खालच्या कडेच्या मध्यावर घ्या, वर कधीही नाही. बसवताना पट्टी ताणू नका, ताणलेली पट्टी काही दिवसांत आखडते आणि जोडाशी फट पडते. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियम जेली या रबराला लावू नका, ते फुगतं आणि मऊ पडतं.

वळचण हवीच

घराला वळचण असते म्हणून भिंतीवरून ओघळणारं पाणी दारात येत नाही. कप्प्याच्या दारालाही ती हवी. दारावर, बिजागरीच्या थोडं वर, ॲल्युमिनियमची किंवा रबरी पन्हळीसारखी पट्टी लावा. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पुढे जाऊ द्या आणि अगदी किंचित उतार द्या. पियानो बिजागरी, म्हणजे दाराच्या लांबीची सलग बिजागरी, वरच्या कडेला असेल, तर तिच्या सांध्यातून पाणी झिरपतंच. तिच्या मागे रबराचा पट्टा पडद्यासारखा सोडला की ते पाणी बाहेरच्या बाजूला उतरतं.

वरचे स्क्रू आणि सांधे

छपराच्या कडेची पट्टी, खिडक्या, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, शिडीचे पाय, दिवे: जिथे भिंतीला भोक पाडलंय ती प्रत्येक जागा संशयित. स्क्रू काढून बघा. गंजलेला निघाला तर पाणी तिथूनच जात होतं असं समजा.

सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. बाथरूमच्या टाइल्सना ते ठीक. गाडीच्या बाहेरच्या सांध्यावर एकदा सिलिकॉन लागलं की पुढे त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, रंगही धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तर धातूला गंज लावतं. पट्टीखाली ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) आणि कडेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट, ही जोडी वापरा. जुनं सगळं खरवडून काढल्याशिवाय नवं लावू नका. जुन्यावर नवं थापणं म्हणजे फुटक्या कौलावर प्लास्टिक टाकणं. पीयू सीलंट हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, त्यामुळे आपली दमट हवा त्याला मानवते, पण लावायची जागा मात्र खडखडीत कोरडी हवी. लावल्यावर दोन दिवस गाडी पावसात काढू नका.

स्क्रू स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि साधं लोखंड एकमेकांना टेकलेले राहिले, तर ॲल्युमिनियम भुगा होत जातं. स्टेनलेसनंही हे थोडं होतं, म्हणून डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि भोकात सीलंट घाला.

खालची बाजू

गाडीखाली शिरून कप्प्याचा तळ बघा. वायरी, पाण्याचे पाइप जिथून आत जातात तिथे भोकाची फट बंद करणारं रबरी ग्रोमेट (कडी) किंवा ग्लँड (आवळता येणारं बूच) आहे ना? नुसतं भोक पाडून वायर ओढलेली असेल, तर मागच्या चाकाचं पाणी तिथून कारंज्यासारखं आत येतं. चाकांमागे रुंद मडफ्लॅप बसवा, आणि चाक व कप्पा यांच्यामध्ये जाड रबराचा पडदा. गंज असेल तर घासून, प्रायमर मारून, मग अंडरबॉडी कोटिंग. गंजावरच कोटिंग मारलं तर गंज आत वाढत राहतो. कप्पा फायबरचा असून तडकला असेल, तर मिरकरवाडा, हर्णै, मालवणसारख्या बंदरांत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कारागीर गाठा. पाण्यात उतरणारी वस्तू दुरुस्त करणं हे त्याचं रोजचं काम आहे.

इतकं करूनही थोडं पाणी कधीतरी येणारच, म्हणून त्याला बाहेर जायला वाट द्या. कप्प्याच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात ८ ते १० मिलिमीटरचं भोक पाडा. त्याआधी खालून वायर, गॅसचा पाइप, टाकी नाही याची खात्री करा. भोकाच्या कडेला रंग लावा, दोन इंचांची रबरी नळी बसवा आणि तिचं खालचं टोक तिरपं कापा. तिरप्या कापाचं तोंड मागच्या बाजूला असू द्या, म्हणजे गाडी धावताना हवा पाणी आत ढकलत नाही, उलट बाहेर खेचते. ही भोकं लाल चिखलानं हमखास बुजतात. दर प्रवासानंतर तार घाला.

एक गोष्ट जीवावरची आहे, ती नीट वाचा. गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला हवेची झडप किंवा भोकं असतात. पाणी येतं म्हणून ती कधीही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतूनच बाहेर पडतो. तिथे फक्त चिखल अडवणारी आडोशाची पट्टी लावा. लेड-ॲसिड बॅटरीच्या कप्प्याची वरची हवेची वाटही अशीच मोकळी ठेवा, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

खारं पाणी आणि उघडीप

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीनं खाडी ओलांडली, वारा असला, की शिंतोडे कप्प्यांच्या कडेला बसतात. मुक्कामी पोहोचल्यावर कुलपं, बिजागऱ्या, रबर गोड्या पाण्यानं धुवा. पुळणीवर गाडी नेऊच नका. वाळूचा एक कण रबरावर बसला तरी तिथे फट राहते.

कप्प्यात सामान थेट तळावर ठेवू नका. बांबूच्या चिवांची किंवा लाकडी पट्ट्यांची इंचभर उंच जाळी करा, वर झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट. इन्व्हर्टर, चार्जर, कागदपत्रं कप्प्यात नकोतच. उघडीप मिळाली आणि ऊन पडलं की सगळी दारं तासभर सताड उघडी टाका, नाहीतर कोरड्या कप्प्यातही कुबट वास धरतो आणि कापडाला बुरशी येते.

आम्ही गणपतीला गावी जाताना प्रत्येक कप्प्यात तळाला वर्तमानपत्राचा एक कोरा-करकरीत कागद ठेवतो. घाट उतरल्यावर पहिल्या चहाच्या थांब्याला दारं उघडून कागद बघायचे. ओला असेल तर डाग कोणत्या कोपऱ्यात आणि कोणत्या रंगाचा, ते त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवायचं, आणि घरी परतल्यावर पाइप तिथूनच सुरू करायचा.