'सेरेमनी'ला मराठीत काय लिहाल? पत्रिका छापायला देण्याआधी या चुका टाळा

गिरगावात पत्रिका छापणाऱ्या एका दुकानात मी काही वर्षं प्रुफं तपासायचो. एका दुपारी एक मुलगा मोबाइल पुढे धरून उभा राहिला. पडद्यावर मजकूर होता: 'आजोबांच्या तेराव्याचा समारंभ, सहकुटुंब सहपरिवार अवश्य यावे.' इंग्रजी 'सेरेमनी'ला अ‍ॅपने दिलेला पहिला शब्द बिचाऱ्याने उचलला होता. आम्ही 'उत्तरकार्य' लिहिलं, 'सहकुटुंब सहपरिवार' काढलं आणि पोराला चहा पाजला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. मराठीत 'सेरेमनी'ला एक शब्द नाही. विधी, समारंभ, सोहळा, संस्कार, कार्य अशी भरपूर भावंडं आहेत. माझी कसोटी साधी. पाहुणा एकही आला नाही तरी पार पडतो तो विधी. पाहुण्यांशिवाय होतच नाही तो समारंभ. बाणगंगेवर दहाव्याला चार माणसं असली तरी विधी पूर्ण होतो, पण रिकाम्या खुर्च्यांपुढे सत्कारसमारंभ करून बघा! लग्नात दोन्ही असतं. 1955च्या हिंदू विवाह कायद्यालाही विधीशीच मतलब आहे: सप्तपदीची रीत असेल तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, मग हॉलमध्ये बुफे असो वा नसो. म्हणून 'विवाहविधी सकाळी, स्वागतसमारंभ संध्याकाळी' हे वाक्य अगदी बरोबर आहे. नोंदणी पद्धतीने लग्न असेल तर पत्रिकेत 'विवाहविधी' घालू नका. 'नोंदणी विवाह झाला असून त्यानिमित्त स्वागतसमारंभ' एवढं पुरतं.

'सोहळा' जपून वापरा. हा शब्द डोळे दिपवणाऱ्या गोष्टीचा: 1674चा रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा, आषाढीचा पालखी सोहळा. सोसायटीच्या नव्या पंपाच्या उद्घाटनाला 'भव्य सोहळा' लिहिलं की वाचणारा हसतो. अर्थात सोहळा म्हणजे आनंदच, असंही नाही. आळंदीला ज्ञानेश्वर माउलींचा संजीवन समाधी सोहळा असतो, आणि तिथे तो शब्द शोभतो. आपल्या घरच्या वर्षश्राद्धाला मात्र शोभत नाही.

'कार्य' हा दोन्हीकडचा शब्द. 'आमच्याकडे कार्य आहे' म्हटलं की लग्न किंवा मुंज समजतात, पण 'दिवसकार्य' म्हणजे दुःखाचं. नुसतं 'कार्य' छापलंत तर बदलापूरचे काका आहेर घेऊन यायचं की पांढरे कपडे घालून, या पेचात पडतील.

'हळदी सेरेमनी' हे तर मुंबईचं लाडकं. 'शनिवारी हळद, रविवारी लग्न' यात काय कमी आहे? डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा या शब्दांतच समारंभ आलेला असतो, शेपूट नको.

ऑफिसच्या भाषांतरात वेगळीच गंमत होते. इंग्रजी माणूस 'सेरेमनी नको' म्हणतो तेव्हा त्याला 'मानपान नको, घरच्यासारखं या' म्हणायचं असतं. मी एका परिपत्रकात 'कृपया समारंभ करू नये' असं वाचलं आहे. कर्मचाऱ्यांनी निमूटपणे केक रद्द केला.

आता शुद्धलेखन. शेवटी 'विधी' दीर्घ, पण समासात पुढे आला की ऱ्हस्व: 'विधिवत', 'विधिपूर्वक'. 'विवाहसोहळा' एकत्र लिहा. 'समारोप समारंभ' खटकतो खरा, कारण संस्कृतात 'समारंभ' म्हणजे सुरुवात. पण मराठीत तो रुळला आहे, त्यावर वाद घालत बसू नका. भांडायचंच तर 'उद्धाटन'शी भांडा. घ चा ध झालेला मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही, कापडी बॅनरवर मात्र हातभर दिसतो. प्रूफ कागदावरच मागा.