मुंबई ते न्यूयॉर्क: प्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडते ती तारखेची चूक. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ जानेवारी, ०१:३० असं छापलं असेल, तर १४ तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत विमानतळावर पोचायचं असतं. पुण्याहून येणाऱ्यांनी तर घाटातली कोंडी धरून १४च्या दुपारीच निघावं. १५च्या रात्री सामान घेऊन जो पोचेल, त्याचं विमान तोवर न्यूयॉर्कला उतरलेलंही असतं. म्हणून आईबाबांना नुसती तारीख सांगू नका. वार सांगा, आणि कुठल्या जेवणानंतर निघायचं तेही सांगा.

दुसरी चूक घड्याळाची. हेच विमान तिथे त्याच तारखेला सकाळी ७ला उतरतं असं धरू. सरळ वजाबाकी केली तर साडेपाच तास येतात. पण तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे खरा प्रवास १६ तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. मधल्या काळात फरक साडेनऊ तासांचा धरा.

अंतराला वेगाने भागून वेळ काढणंही फसवं आहे. दोन शहरांमधलं अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० धरले तर १४ तास होतात. पण हे अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचं आहे, आणि ती वाट पाकिस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडच्या बाजूने जाते. २०२२पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. मग वळसा आलाच. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीकडे जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही मोजलेला असतो.

येतानाचा वेळ जातानाइतकाच धरू नका. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचं विमान साधारण दीड-दोन तास कमी घेतं, हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो.

पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर न्यूयॉर्कला दीड तासाचं कनेक्शन, म्हणजे दोन विमानांमध्ये दीडच तासाचं अंतर, घेऊ नका, स्वस्त असलं तरी. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन होतं. बॅगाही सहसा तिथेच पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात, मग त्यांवर शेवटच्या शहराचा टॅग का असेना. वयस्कर माणसं एकटी जात असतील तर निदान चार तास हातात ठेवा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही बहुधा बुडतात.