विकिपीडियावर आपल्या माणसांचं पान लिहिताय? या चुका टाळा

मराठी विकिपीडियाचे ‘अलीकडील बदल’ चाळताना दर थोड्या दिवसांनी एक तरी असा लेख सापडतोच: ‘मा. श्री. अमुक तमुक हे थोर समाजसेवक, कुशल संघटक व लोकप्रिय व्यक्तिमत्त्व आहेत. त्यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला.’ लिहिणारा मुलगा असतो, स्वीय सहायक असतो, नाहीतर कार्यकर्ता. संदर्भ एकही नसतो. लेख काढला की मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो, असं ऐकवलं जातं. वर्षानुवर्षं ही साफसफाई करतोय, म्हणून आज सगळं एकदा लिहून टाकतो.

नातं लपवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्या संस्थेबद्दल, वडिलांबद्दल, कंपनीबद्दल जिव्हाळा असणं हा गुन्हा नाही. लपवाछपवी मात्र अंगाशी येते.

एका शिक्षणसंस्थेचा लेख माझ्या निरीक्षणसूचीत (मी लक्ष ठेवतो त्या लेखांच्या यादीत) होता. तो रातोरात तिप्पट झाला. संस्थापकांच्या नावाआधी ‘शिक्षणमहर्षी’, मग प्राचार्यांचा संदेश, प्रवेशाची अंतिम तारीख, कार्यालयाचा फोन नंबर. मजकूर माहितीपत्रकातून जसाच्या तसा उचललेला, म्हणजे प्रताधिकाराचाही भंग. आणि एक परिच्छेद गायब. थकलेल्या पगारासाठी कर्मचाऱ्यांनी केलेल्या आंदोलनाचा, वर्तमानपत्राच्या संदर्भासह असलेला. मी बदल परतवला, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणली, आणि त्या सदस्याच्या चर्चा पानावर (निरोप लिहायच्या पानावर) विचारलं, ‘आपला या संस्थेशी काही संबंध आहे का?’ उत्तर नाही. तेच बदल पुन्हा आले. मग दुसऱ्या खात्यावरून आले. तिसरं खातं उगवलं आणि ‘मी एक सामान्य वाचक असून वरील दोघांशी सहमत आहे’ असं लिहून गेलं. तिघांचीही पूर्णविरामाआधी एक जागा सोडायची सवय अगदी सारखी होती.

प्रचालकांनी (खाती रोखण्याचे, पानं काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांनी) तिन्ही खाती रोखली, पान काही काळ सुरक्षित केलं. त्यानंतर ती खाती चालवणाऱ्या मुलाचा मला ईमेल आला: साहेबांनी सांगितलंय, संध्याकाळपर्यंत व्हायलाच हवं. तो मुलगा कार्यालयात नुकताच लागलेला होता. विकी कशी चालते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. पहिल्याच दिवशी त्याने लेखाच्या चर्चा पानावर ‘मी इथे नोकरीला आहे, विद्यार्थीसंख्या जुनी आहे, नवी या अहवालात छापली आहे’ एवढं लिहिलं असतं, तर तो आकडा मीच हसत बदलला असता. आंदोलनाबद्दल संस्थेची बाजू कुठे छापून आली असती, तर तीही संदर्भासह लेखात गेली असती.

पगारी कामाचा भाग म्हणून संपादन करत असाल, तर संबंध जाहीर करणं ऐच्छिक नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींमध्ये २०१४पासून ते बंधनकारक आहे. मालक कोण, काम कोणासाठी, नातं काय, हे सदस्यपानावर, चर्चा पानावर किंवा बदलाच्या आढाव्यात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत) लिहायचं. मी हे सदस्यपानावरच लिहायला सांगतो, कारण आढावा कोणी मागे जाऊन वाचत नाही.

कोणी कधी काय बदललं हे सगळं लेखाच्या इतिहास टॅबमध्ये राहतं, हे नवख्यांना खरंच वाटत नाही. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्याच लेखात लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकपणाच्या उल्लेखाशी संबंधित बदल केले होते. २००५मध्ये ते इतिहासावरूनच उघड झालं आणि वेल्स यांना खेद व्यक्त करावा लागला.

पैसे देऊन पान बनवून घेणं

‘पेज बनवून देतो, पक्की गॅरंटी’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०१५मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखलं जाणारं जाळं पकडलं गेलं आणि ३८१ खाती रोखली गेली. ही टोळी नाकारल्या गेलेल्या लेखांच्या विषयांना गाठायची, पैसे घेऊन लेख चढवायची आणि पुढे ‘संरक्षणा’साठी आणखी पैसे मागायची. खऱ्या प्रचालकाला लेख टिकवून देण्याचे पैसे मागता येत नाहीत. शॉर्टकट शोधणारेच अशांच्या तावडीत सापडतात.

‘हे पान माझं आहे’

जाहिरातबाजांपेक्षा या चुकीचा मला जास्त त्रास होतो, कारण ती चांगली माणसं करतात. एका गावाचा लेख एका सदस्याने खूप मेहनतीने उभा केला होता. जत्रा, नदी, जुनी पेठ, देवळाचे फोटो, सगळं होतं. संपादन उघडलं की पहिल्याच ओळीत सूचना दिसायची: ‘हे पान मी बनवले आहे, विचारल्याशिवाय बदल करू नये.’ एका नव्या मुलीने २००१च्या जनगणनेचा आकडा काढून २०११चा घातला, संदर्भही दिला. तो परतवला गेला. तिने काही शब्दांच्या वेलांट्या सुधारल्या. त्याही परतवल्या गेल्या. आढाव्यात फक्त ‘अनावश्यक’. तिने चर्चा पानावर कारण विचारलं, वाट पाहिली आणि पुन्हा कधी आली नाही.

मराठीत नियमित संपादन करणारी माणसं मोजकी आहेत. त्यातलं एक असं घालवणं हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं नुकसान आहे. ‘प्रकाशित करा’ दाबताना आपण मजकूर मुक्त परवान्याखाली देतो. श्रेय इतिहासात कायम राहतं, ताबा राहत नाही. माझी सवय अशी, की मी वाढवलेल्या लेखात कोणी बदल केला, तर उघड खोडसाळपणा सोडून त्या दिवशी काहीही परतवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोन आवृत्त्यांतला फरक उघडून एकच पाहायचं: वाचकाला आता जास्त बरोबर माहिती मिळते का? बहुतेक वेळा मिळत असते. परतवायचंच असेल, तर आढाव्यात पूर्ण वाक्य लिहायचं.

बारीकसारीक, पण रोजच्या

सदस्यनाव संस्थेचं घेऊ नका, खातं माणसाचं असतं.

लेखाखाली स्वतःचं नाव टाकू नका.

लेखावर लावलेला ‘पान काढा’ साचा (सूचनेची चौकट) स्वतःच उडवू नका, चर्चा पानावर हरकत नोंदवा.

आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, तर घरातल्या आठवणी हा संदर्भ होत नाही. जिल्हा गॅझेटिअर, जुनी वर्तमानपत्रं, छापील चरित्रकोश शोधा. आणि तुम्ही स्वतः काढलेले त्यांचे फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त फोटोंच्या साठ्यावर) चढवा. तिथे नातेवाईकांची मदत खरोखर मोलाची असते.

फोटोंतून माल मात्र विकू नका. ‘द नॉर्थ फेस’ने २०१९मध्ये पर्यटनस्थळांच्या लेखांत आपले कपडे दिसतील असे फोटो घुसवले. स्वयंसेवकांनी ते काढले आणि कंपनीला माफी मागावी लागली.

मग करायचं काय?

ज्या विषयाशी नातं आहे, त्या लेखाला हात न लावता चर्चा पानावर चार गोष्टी लिहा: मी कोण, कोणतं वाक्य चुकलंय, त्याऐवजी काय हवं, ते कुठे छापलंय. निरोपाच्या शेवटी सही करा. ‘लेख सुधारावा’ अशी मोघम विनंती कोणी हाती घेत नाही, नेमकं वाक्य दिलं तर घेतं. मराठी विकीवर उत्तराला वेळ लागतो, आठवडाभर धीर धरा. तरीही कोणी फिरकलं नाही, तर चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) त्या चर्चेचा दुवा द्या. मी चावडी रोज सकाळी बघतो.